युसूफभाईंचा गाठी मारलेला दोरा

२०२३ साल होतं, मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि पनवेलच्या मोहल्ल्यात एका ओट्यावर बसलो असताना नफीसा नावाच्या बाईने मला दोन वाक्यं सांगितली. ती ऐकून मी असा गार पडलो की समोरच्या चहावर साय धरली तरी मला कप उचलता आला नाही. मी पंचवीस वर्षं मचवा चालवलेला तांडेल. भर दर्यात डोलकाठी मोडून माझ्या पायाशी पडलेली आहे, तेव्हा सुकाणूवरचा हात हलला नव्हता.

ती दोन वाक्यं मी आधी सांगणार नाही. युसूफभाईंना ते आवडलं नसतं.

युसूफभाई म्हणजे नफीसाचे वडील. धंद्याने बाइंडर. मशिदीच्या मागच्या गल्लीत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं दुकान. एक लोखंडी शिकंजा, कागद कापायचं यंत्र, मोरचूद घातलेल्या खळीचं पातेलं आणि मेण चोळलेल्या दोऱ्याची रिळं. वकिलांच्या फायली, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, मदरशातली कुराणं आणि आमच्या बायकांच्या पोथ्या, सगळं त्या एका शिकंज्यात दाबलं जायचं. माणूस बारीक, पांढरी दाढी कातरलेली, उजव्या अंगठ्याला सुईचा घट्टा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. कुणाचंही पुस्तक आलं की आधी ते पान पान बघायचे. पानं क्रमाने आहेत का हे बघितल्याशिवाय सुई घालायची नाही, हा त्यांचा नेम. वाचण्याचं वेड त्यांना त्या नेमाने लागलं.

मी आईची पोथी शिवायला घेऊन गेलो तेव्हा दुकानात कामोठ्याची चार-पाच कॉलेजची पोरं एकमेकांवर ओरडत होती. मला वाटलं निवडणुकीवरून चाललंय. नीट ऐकलं तर भांडण चाच्यांवरून. जपानी चित्रांची पुस्तकं, आत इंग्रजी अक्षरं, समुद्री लुटारूंची एक गोष्ट जी वर्षानुवर्षं संपतच नाही. पुस्तकं ऋतुजा नावाच्या एका मुलीची. ती हातोहात फिरून खिळखिळी झालेली, म्हणून शिवायला आणलेली. आणि हा पांढऱ्या दाढीचा माणूस त्या पोरांत सगळ्यात मोठ्याने भांडत होता.

त्या गोष्टीत तीन फळ्या. एक सरकारी आरमार. दुसरी एका डोळ्याच्या बाईची टोळी, तिची शिडं काळी. तिसरी एका ताडमाड माणसाची, त्याच्या गळ्यात शंख आणि शिडं पांढरी. त्यांची खरी नावं जपानी, माझ्या जिभेला झेपली नाहीत. युसूफभाई म्हणायचे काणी आणि शंखवाला, तीच मी धरली. वाद एवढाच, की ही दोघं समोरासमोर आली तर बुडणार कोण. आरमाराला कोणी विचारत नव्हतं. सरकारी माणूस वेळेवर पोचणार नाही याबद्दल दुकानात एकमत होतं.

भाई आणि ऋतुजा काणीच्या बाजूचे. भाईंनी पुस्तक फिरवून एक चित्र दाखवलं, अरुंद खाडीत काणीचं जहाज गर्रकन वळतंय. बघा म्हणाले, असं कोण वळवील. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "ही होडी वळनार नाय. शिडाचा फुगारा एकीकडं नि झेंडा दुसरीकडं उडतोय. वारा काय दोन हायेत?"

पोरं हसली. भाईंनी भिंग घेतलं, चित्राला नाक लावलं, आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. मग म्हणाले, "झेंडा गवाही देतोय. हा माणूस बरोबर आहे." आणि मला विचारलं, कुठला तांडेल. मी सांगितलं, पनवेल बंदर, मीठ आणि कौलं वाहायचो. त्यांनी पांढऱ्या कागदाची एक पट्टी माझ्या हातात दिली आणि त्या पानात लावायला सांगितली.

ही त्यांची पद्धत. कापलेल्या कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या शंखवाल्याच्या, काळ्या रेक्झिनच्या पट्ट्या काणीच्या. "पान दाखव, मग बोल," हा कायदा. पान दाखवून मुद्दा सिद्ध झाला की त्या पानात पट्टी लागायची, आणि ती लावायची हरलेल्याने, स्वतःच्या हाताने. जिंकलेल्याने हात लावायचा नाही. माझ्या बाबतीत त्या दिवशी त्यांनी कायदा मोडला, कारण मला कायदा माहीत नव्हता. पुढच्या रविवारी मात्र मी बोललो आणि पट्टी ऋतुजाला लावावी लागली. तिने तोंड वाकडं केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून मी शंखवाल्याचा. रविवारी सकाळी कामोठ्याच्या घरून रिक्षा करून पनवेलला जायचं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं. पुस्तक नेहमी भाईंच्या मांडीवर. ते वाचत, मराठीत सांगत, पोरं भांडत, आणि पाण्याची गोष्ट आली की सगळे माझ्याकडे बघत. भरती किती वेळ टिकेल, नांगर कुठे धरेल. जमीन विकून मुलांनी तीन मजले बांधले तेव्हापासून घरात मला कोणी काही विचारत नव्हतं. इथे विचारत होते. ती पुस्तकंसुद्धा भाई कुराणासारखी उजवीकडून उघडायचे. उर्दू शाळेत शिकलेला माणूस, हाताची सवय, असं मी धरलं.

माझं स्वतःचं शिक्षण तिसरीपर्यंत. मराठी पाटी वाचतो, वेळ लागतो. इंग्रजी अक्षर म्हणजे मला वाळूवरचे खेकड्याचे पाय. ते मी तिथे कधी बोललो नाही आणि भाईंनी कधी विचारलं नाही.

दोन गोष्टींवर ते चिडायचे. एक, कोणी थुंकी लावून पान उलटलं तर. दुसरी, कोणी शेवट आधी सांगितला तर. एकदा एका पोराने मोबाइलवर पुढचा भाग बघितला आणि सगळ्यांच्या आधी बोलून गेला, आरमाराचा कप्तान मरतो म्हणून. भाईंनी सुई ठेवली. त्याचा प्रोजेक्ट न शिवता त्याच्या हातात दिला आणि महिनाभर पायरी चढू नकोस म्हणाले. पोरगा हसायला लागला, त्याला थट्टा वाटली. भाई म्हणाले, "शेवट कमवावा लागतो, बाळा. शंभर पानं चालून जावं लागतं. तू माझं चालणं चोरलंस." त्यांचा आवाज खरोखर कापत होता. एवढ्याशा गोष्टीने माणूस एवढा दुखावतो हे बघून मी चकित झालो होतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझंही एकदा त्यांच्याशी वाजलं. मी म्हटलं शंखवाल्याने आरमाराची तीन जहाजं एकट्याने फोडली होती. भाई म्हणाले, दोन. मी म्हटलं तीन. ते म्हणाले, पान दाखव. सगळ्यांसमोर पुस्तक माझ्यापुढे धरलं. मला पान काय सापडणार? मी पुस्तक हातातसुद्धा घेतलं नाही. चप्पल घातली आणि निघालो. अकरा दिवस गेलो नाही. मधला रविवार घरात भिंतीकडे तोंड करून काढला. सून म्हणाली बरं नाही का. मी म्हटलं, मला काय झालंय.

बाराव्या दिवशी दुपारच्या उन्हात भाई रिक्षाने कामोठ्याला आले, पत्ता विचारत विचारत, जिना चढून. इतके दिवस दुकानात राहिलेली आईची पोथी लाल कापडात शिवून आणली होती. बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "तांडेल, पान नाही सापडलं तरी चालेल. तू ये."

मी म्हटलं, "कायदा तुमचाच हाय ना?"

"कायदा पोरांना. तुला नाय."

मी गेलो. जिंकलो असंच मला वाटलं होतं. ह्या माणसाने माझ्यासाठी आपला कायदा मोडला आणि मी तो विजय म्हणून खिशात घातला. मी असा आहे.

मग भाईंचे डोळे गेले. साखर जुनी होती. आधी भिंग मोठं झालं, मग दिव्याखाली बसणं आलं, मग एक दिवस त्यांनी शिवलेलं पुस्तक उघडलं तर मधली आठ पानं उलटी. दुकान त्यांनी त्याच दिवशी बंद केलं, दुसऱ्याच्या पुस्तकाशी खेळ नको म्हणाले. पोरांचा अड्डा मोडला. ऋतुजाला पुण्याला नोकरी लागली. ती पुस्तकं भाईंकडेच ठेवून गेली, आणि जाताना पुढचे सात भाग आणून दिले. म्हणाली, यात दोघांची समोरासमोर लढाई आहे, मी वाचलंय, पण सांगणार नाही. भाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते सात भाग त्यांनी घरी बसून, नुसत्या बोटांनी चाचपून, निळ्या कापडात शिवले. चित्राची मुखपृष्ठं काढून टाकलेली, दोन्ही बाजू सारख्या निळ्या. स्वतःसाठी शिवलेलं चुकलं तर चालतं, म्हणाले. एकही पान चुकलं नव्हतं.

शिवून झालं आणि मग तो माणूस ती सात पुस्तकं मांडीवर घेऊन बसून राहिला. मी समोर होतो. ते म्हणाले, एवढं एक कळायला हवं होतं रे, कोण बुडतं. बाकी सगळं बघून झालंय.

मी छाती काढून म्हटलं, मी सांगतो. इंग्रजी मला येत नाही, पण चित्रं बघायला काय लागतं.

भाईंनी वरचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "चित्रं सांग. बाकीचं मी बघतो."

वर्षभर चाललं ते, महिना-दोन महिन्यांनी एक भाग, कारण भाईंना घाई नको होती. दुपारी नफीसा ट्यूशन घ्यायला कामोठ्याला जायची आणि मी तिकडून इकडे यायचो. भाई खिडकीपाशी खुर्चीवर, मी ओट्यावर. पुस्तक उघडायचं आणि एकेक चित्र सांगायचं. ऐकताना ते मेणाच्या दोऱ्याला गाठी मारत राहायचे. एक प्रसंग झाला की एक गाठ, कोणी मेलं की दोन. मी विचारलं तर म्हणाले, शिवणकाम सुटलं, हाताला काहीतरी हवं.

गोष्ट अजब होती. मेलेले उठायचे, जखमा भरायच्या, जळलेली गलबतं कोरी करकरीत व्हायची. मला त्यात वावगं वाटलं नाही. जपानी माणसाची करणी, त्याला कोण विचारणार. शंखवाले तर दरवेळी आधी मार खायचे आणि मग उभे राहायचे. मी भाईंना म्हणायचो, बघा, ही माणसं मरतच नाहीत. ते हूं म्हणायचे.

पण एक गोष्ट मला आता आठवते. दर भागाला मी पहिलं चित्र सांगितलं की भाई डोळे मिटून घ्यायचे. आंधळा माणूस डोळे मिटतो, कशासाठी? "तौबा," हळूच म्हणायचे. मी विचारायचो, दुखतात का. ते म्हणायचे, "नाय नाय. चालू दे."

सातव्या भागाची दुपार मला सगळी आठवते. मी पुस्तक उघडलं आणि सांगितलं, "जहाज बुडालंय भाई. फकस्त डोलकाठीचं टोक वर हाय. शंख पान्यावर तरंगतोय. शंखवाला दिसत नाय."

भाईंनी डोळे मिटले. यावेळी तौबासुद्धा म्हणाले नाहीत. दोन गाठी मारल्या आणि म्हणाले, पुढे.

मी पुढे सांगत गेलो. जहाज पाण्यातून वर आलं. काणीच्या तोफांचे गोळे माघारी तोफेत शिरले असं मला दिसलं, तेही सांगितलं. शिडं शिवली गेली, माणसं उठली. शेवटलं पान आलं. शंखवाला जहाजाच्या टोकावर उभा, सगळी पांढरी शिडं भरलेली, काणीची जहाजं लांब ठिपक्यासारखी.

"त्याचा चेहरा कसा आहे?" भाईंनी विचारलं.

"हसतोय."

"हसतोय," भाई म्हणाले. "निघताना हसत होता."

"निघताना नाय, भाई. जिंकून."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "हां," म्हणाले. "जिंकून."

मग त्यांनी पट्ट्यांचा डबा मागितला. बोटांनी चाचपून रेक्झिन बाजूला केलं, पांढरा कागद शोधला. "फैसला झाला, तांडेल. शंखवाले. तू जिंकलास." माझ्या हातातून पुस्तक घेऊन ती पट्टी त्या हसऱ्या पानात त्यांनी स्वतः लावली, हरलेल्याने लावायची तशी. मी काय केलं? मी मांडीवर थाप मारली आणि म्हटलं, पहिल्या दिवसापासून मी काय सांगत होतो. असंही म्हटलं, की डोळे असून तुम्हाला दिसलं नव्हतं ते मला दिसलं. ते हसले. चहा ठेवायला नफीसा नाही, नाहीतर पाजला असता म्हणाले.

गल्लीतून वळताना मी मागे बघितलं. खिडकीत भाई बसलेले. त्या दिवसाच्या दोऱ्याचं एक टोक चिमटीत धरून एकेक गाठ अंगठ्याखालून सोडत होते, ओठ हलत होते. चेहरा असा, की नवं काहीतरी कानावर येतंय. मला वाटलं, जप करतायत. माणूस देवाचं नाव घेतोय तर हाक कशाला मारा, म्हणून मी निघून आलो. तेच त्यांचं मला दिसलेलं शेवटचं.

दहा दिवसांनी ते गेले. मी कब्रस्तानात गेलो, तीन मुठी माती टाकली. चाळिसावा झाल्यावर नफीसाने बोलावलं. म्हणाली, पुस्तकं न्यायला उद्या सकाळी ऋतुजा येणार आहे, त्याआधी एक वस्तू तुम्हाला द्यायची आहे. चहा ठेवला आणि दोऱ्याची सात भेंडोळी माझ्या ओंजळीत ठेवली. मी म्हटलं, ह्याचं मी काय करू.

तेव्हा ती बोलली. "काका, ही पुस्तकं उजवीकडून वाचायची असतात. तुम्ही वर्षभर अब्बांना गोष्ट शेवटापासून सांगत होतात, आणि तुम्ही गेल्यावर ते दोरा उलटा धरून तीच गोष्ट मला सुरुवातीपासून सांगायचे."

मला आधी समजलंच नाही. मग उठलेले मेलेले आठवले. तोफेत परत शिरणारे गोळे आठवले. मिटलेले डोळे आठवले. शेवट सांगितला म्हणून ज्या माणसाने पोराला पायरी चढू दिली नाही, त्याला मी दर भागाला सगळ्यात आधी शेवट सांगत होतो. सात वेळा. त्यांचं चालणं चोरत होतो, आणि ते म्हणत होते, चालू दे.

"त्यांना कळलं होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. पान उलटल्याचा आवाज दुसऱ्या बाजूने येत होता म्हणे."

"मग बोलले का नाय? तू तरी बोलायचंस."

नफीसा म्हणाली, "मी म्हटलं होतं, मी वाचून दाखवते, सगळं नीट, अक्षरांसकट. तर म्हणाले, मग तांडेल काय करेल?"

मी उठलो. भेंडोळी खिशात घातली आणि निघालो. घरी येईपर्यंत रागच होता, फसवलं म्हणून, दया दाखवली म्हणून. माझी दया कोणी केलेली मला चालत नाही. जेवलो नाही. सातवा दोरा घेऊन बसलो आणि गाठी मोजल्या, इकडून मोजल्या, तिकडून मोजल्या. एका टोकाला दोन गाठी एकत्र होत्या. तिथे तो बुडाला होता. शंखवाला बुडाला होता, काणी जिंकली होती. भाईंची काणी. आणि जिंकलेल्या माणसाने हरलेल्याची पट्टी आपल्या हाताने लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली रिक्षा धरून मी नफीसाकडे गेलो. ऋतुजा आली तेव्हा पुस्तकं पिशवीत भरून ठेवलेली होती. मी त्यातलं सातवं काढलं आणि तिला ओट्यावर बसवलं. म्हटलं, पोरी, मला इंग्रजी येत नाही, कधी येत नव्हतं, आणि वर्षभर मी हे उलटं वाचलं. आता ऐक. खिडकीतली खुर्ची रिकामी होती, नफीसा तिच्या पाठीला धरून उभी राहिली. मी पुस्तक उजवीकडून उघडलं. हसणारा माणूस, भरलेली शिडं. तिथून एकेक चित्र सांगत गेलो. ऋतुजाला शेवट माहीत होता, तरी ती मध्ये बोलली नाही. डोलकाठीच्या टोकापर्यंत पोचायला तास लागला. मग मागे जाऊन मी पांढरी पट्टी काढली, डब्यातून काळी शोधली, त्या दोघींना शंखवाला बुडाल्याचं पान दाखवलं, आणि काळी पट्टी तिथे माझ्या हाताने लावली.